राखणदार कुठे उभा आहे?

दोस्तांनो, दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी उरला, की महिन्याभरानं त्याला कसलासा वास येतो. आजी नाक मुरडून म्हणते, "खवट झाला गं!" खवट होणं म्हणजे काय, ठाऊक आहे? हवेतला ऑक्सिजन तेलाच्या एका रेणूला बिघडवतो, तो शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला. अशी साखळीच सुरू होते.

ही साखळी तोडणारे राखणदारही असतात बरं का! त्यांना म्हणतात अँटिऑक्सिडंट. शेंगदाण्याच्या तेलातलं ई जीवनसत्त्व हा एक राखणदार. गाजराला केशरी रंग देणारं बीटा-कॅरोटिन हा दुसरा. दोघंही पाण्यात विरघळत नाहीत, तेलातुपात विरघळतात.

पण राखणदार सगळीकडे सारखाच वागतो का? छे! १९८४ साली बर्टन आणि इनगोल्ड या कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एक मजेशीर गोष्ट दाखवून दिली. आसपास ऑक्सिजन कमी असेल, तर बीटा-कॅरोटिन छान राखण करतं. ऑक्सिजन फार वाढला, की ते स्वतःच बिघडतं आणि साखळीला उलट हातभार लावतं!

आता फिनलंडची गोष्ट ऐका. तिथं सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन दिलं, उरलेल्यांना दिलं नाही. वाटलं होतं, फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ साली निकाल आला. कॅरोटिन घेणाऱ्यांत कॅन्सर सुमारे १८ टक्क्यांनी जास्त निघाला!

असं का व्हावं? फुफ्फुसात ऑक्सिजन भरपूर, त्यात सिगारेटचा धूर. अशा जागी कॅरोटिनचा मोठा डोस स्वतःच बिघडत असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

म्हणून गाजर सोडायचं का? मुळीच नाही! हलवा खुशाल खा. त्यातल्या तुपामुळे कॅरोटिन अंगी लागतं. पण घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर हे पान त्यांना जरूर वाचून दाखवा. धुराची भरपाई गोळीनं होत नाही. त्यावर उपाय एकच, सिगारेट सोडणं.

आणि हो, चिवड्याचा डबा घट्ट झाकणाचा घ्या. ऊन आणि शेगडी, दोन्हींपासून लांब ठेवा. तेलातल्या राखणदाराचं काम तेवढंच सोपं होईल!