कोकणच्या सड्यावर पाच दिवस



थंडी पडू लागली की चाळीतून, वसाहतीतून सहलीची बोलणी सुरू होतात. भिशीचे पैसे हाती आलेले असतात, दोन-तीन घरे मिळून गाडी करायचे ठरते आणि एखाद्या रविवारी दुपारी मंडळी कागद-पेन्सिल घेऊन बसतात. कागदावर नावे पडतात ती अशी : महाड, रायगड, दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण आणि जमलेच तर गोवा. दिवस चार. मग कोणीतरी अंतरांची बेरीज करतो, तिला साठने भागतो आणि सांगतो, "आरामात होईल." बेरीज बरोबर असते, घोटाळा भागाकारात असतो.

ताशी साठ हा हिशेब घाटावरच्या सपाट रस्त्याचा. कोकणात हायवे सोडून पश्चिमेला वळलात की ताशी पंचवीस, फार तर तीस किलोमीटर धरावेत. याला कारण जमिनीची घडण. कोकण म्हणजे समुद्रकाठची सपाटी असे देशावरच्या पुष्कळ लोकांना वाटते. प्रत्यक्षात समुद्राला लागूनच जांभ्या दगडाचे उंच, उघडे सडे आहेत. दापोली समुद्रापासून जेमतेम सात-आठ किलोमीटर, पण उंची आठशे फुटांच्या घरात. हे सडे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांनी कापले आहेत आणि त्यांच्या लांब खाड्या झाल्या आहेत. त्यामुळे रस्ता सड्यावर चढतो, खाडीत उतरतो, पुन्हा चढतो. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर धोपावे दिसते. पण गाडीने पुलावरून जायचे तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडतो.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा की कागदावरची निम्मी नावे खोडा. महाड, मंडणगड, दापोली, गुहागर एवढाच टापू घ्या. शनिवारी निघून बुधवारी परत यायचे, म्हणजे रजा तीनच दिवस मोडते. रत्नागिरी आणि मालवण पुढच्या वर्षी. ती गावे कुठे पळून जात नाहीत.

केव्हा जायचे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, हे कोणी विसरलेले नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. तीही सहलीचीच होती. गाडीतला एकच माणूस वाचला. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि त्याच दिवसांत चिपळूण पाण्याखाली गेले. पावसाळ्यातले हिरवे डोंगर फोटोत छान दिसतात हे खरे. पण म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन जाणाऱ्याने तो मोह धरू नये. गणपती आणि शिमग्याचे दिवसही टाळावेत. तेव्हा सगळी मुंबई कोकणच्या रस्त्यावर असते.

आता गाडी. गाडीवाला दर किलोमीटरमागे भाव सांगतो आणि हळूच एक अट घालतो : दिवसाला किमान अडीचशे किंवा तीनशे किलोमीटर धरले जातील. सड्यावरच्या रस्त्यांवर तुमचे दिवसाला शंभरसुद्धा होणार नाहीत, पैसे मात्र तीनशेचे जातील. तेव्हा पाच दिवसांचा एकठोक भाव ठरवा. डिझेल, टोल, फेरीबोटीचे भाडे आणि चालकाचा रात्रीचा भत्ता कोणाकडे, ते कागदावर लिहून घ्या. नंबराची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी आहेत ना, तेही पाहा. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण भाड्याने चालवायचा परवाना तिला नसतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. बाराजणांच्या गाडीत पंधरा कोंबू नयेत हे सांगायला नको, तरी सांगतो.

गाडीचा चालक हाही कामगारच आहे. दिवसभर वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याला रात्री मागच्या सीटवर झोपवायचे आणि सकाळी त्याच्याच हाती आपली लेकरे सोपवायची, हे आम्हांला कधी पटले नाही. मुक्कामाच्या जागी त्याच्यासाठी एक खाट आणि आपल्याच पंगतीतले जेवण आधीच सांगून ठेवा. अंधार पडल्यावर घाट चढायचा-उतरायचा नाही, हेही त्याला निघतानाच सांगा. डिसेंबरात सहा वाजता दिवस मावळतो, म्हणून पाचच्या सुमारास मुक्कामी पोहोचायचे अशीच आखणी करावी.

आणखी एका वाईट सवयीबद्दल. गाडीच्या डिकीत स्टो, पातेली, तांदळाची पिशवी आणि मसाल्याचे डबे भरले जातात. हेतू पैसे वाचवण्याचा असतो. होते असे की पुरुष मंडळी समुद्रावर आणि बायका खोलीच्या मागे कांदा चिरत. वर्षातून एकदा घराबाहेर पडलेल्या बाईने चूल बदलून तेच करायचे असेल तर ती सहल कोणाची? दापोली-गुहागर बाजूला घरगुती खानावळी पुष्कळ आहेत. सकाळी सांगून ठेवले की दुपारी भाकरी, माशाचे कालवण, सोलकढी मिळते. वाटेसाठी चपात्या, चटणी, चिवडा जरूर बरोबर घ्या. पण मुक्कामाचे जेवण खर्चात धरा. त्यासाठी एक दिवस कमी करावा लागला तरी हरकत नाही.

राहण्याची जागा फोनवर आधी ठरवावी, थोडे पैसे आगाऊ पाठवावेत आणि पोचल्याचा निरोप मोबाईलवर लेखी घ्यावा. इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. काही ठिकाणी नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव कोणते, मग गावात घर कुठे. आम्ही आमचे आडनाव पहिल्या वाक्यातच सांगतो. ज्याला अडचण असेल त्याची अडचण फोनवरच कळलेली बरी. रात्री आठ वाजता दारात सामान उतरवल्यावर, मुलांच्या देखत नको. चांगली माणसे भरपूर भेटतात, आणि अशा चांगल्या घराचा पत्ता शेजाऱ्याला द्यायलाही विसरू नये.

आता प्रत्यक्ष वाट. शनिवारी पहाटे पाचला मुंबई सोडावी. महाड सुमारे एकशे सत्तर किलोमीटर. या महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ साली सुरुवात झाली, आणि ते काम किती रखडले हे त्या रस्त्याने गावी जाणाऱ्यांना आम्ही काय सांगावे! चहापाणी धरून पाच तास लागतील असे समजा. महाड येण्याच्या थोडे आधी हायवेलगतच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. पायऱ्यांनी वीसेक मिनिटांची चढण आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली सावलीत बसावे, बाकीच्यांनी ऊन तापायच्या आत जाऊन यावे. वरून सावित्री-गांधारीचे खोरे दिसते. संध्याकाळ चवदार तळ्यासाठी ठेवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी येथे पाणी घेतले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच गावी मनुस्मृती जाळली, हे मुलांना पुस्तकातून ठाऊक असते. तळ्याच्या काठावर तासभर निवांत बसून आजी-आजोबांनी ते सांगितले तर वेगळे पोचते. म्हणून आम्ही पहिला मुक्काम महाडलाच धरतो. त्या दोन तारखांना मात्र तिथे अफाट गर्दी असते. अभिवादनासाठी जायचे तर तेव्हाच जावे, पण सहल त्याला जोडू नये.

रविवारी महाडला डिझेलची टाकी भरून मंडणगडची वाट धरावी. पुढे पंप थोडे आहेत आणि सड्यावर मोबाईलची रेंज जाते-येते. मोबाईलवर पैसे भरू म्हणाल तर भलत्याच ठिकाणी अडाल, तेव्हा रोख रक्कम दोन जणांकडे वाटून ठेवा. मोबाईलमधला नकाशाही घरूनच उतरवून न्यावा. मात्र तो नकाशा जवळचा म्हणून वाडीतल्या एखाद्या घाटीत घालतो. आमचा नियम साधा आहे : ज्या रस्त्याने एसटी जाते त्या रस्त्याने जावे. स्टँडवर कंट्रोलरला विचारले की तो नीट सांगतो.

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. डोंगरातले लहान गाव आहे, आता तिथे स्मारक आहे. हा रस्ता वळणांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, उपाशी ठेवू नका, आणि गोळी द्यायची तर निघण्याआधी अर्धा तास द्या. दुपारनंतर दापोली गाठावी आणि दोन रात्री तिथेच राहावे. रोज सामान बांधून जागा बदलण्यात म्हातारी माणसे थकतात. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे हीसुद्धा मुक्कामासाठी विचारात घेण्यासारखी गोष्ट. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या पाच नव्हे, आठ दिवसांच्या घ्याव्यात. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा.

इंग्रजांच्या काळी दापोली लष्करी छावणी होती. पेन्शन घेतलेले आपले कितीतरी सैनिक येथे वस्ती करून राहिले, त्यांत सुभेदार रामजीही होते. जवळच वणंद, माता रमाईंचे माहेर. सोमवारी सकाळी वणंद करून पन्हाळेकाजीला जावे. आमच्या मते सगळ्या फेरीतली ही सर्वांत सुंदर जागा, आणि मुंबईतल्या फार थोड्या घरांनी ती पाहिलेली आहे. सड्यावरून रस्ता खाली दरीत उतरत जातो आणि नदीकाठी लेण्यांची रांग दिसते. एकूण लेणी एकोणतीस. आधी येथे थेरवादी भिक्खू राहत, पुढे वज्रयानाचा काळ आला, आणि त्यानंतर नाथपंथी आले. तिन्हींच्या खुणा एकाच दगडात आहेत. दाभोळसारखी बंदरे आणि घाटावरच्या बाजारपेठा यांच्यामधल्या वाटांवर अशी लेणी का कोरली गेली, हे शाळेतल्या मुलांना विचारून पाहा. आपण ज्या रस्त्याने आलो त्यावरूनच त्यांना उत्तर सुचेल. येथे घाई करू नये. दुपारची भाकरी बरोबर न्यावी, पाणी भरपूर न्यावे आणि खाल्ल्यावर कागद, पिशव्या गोळा करून परत आणाव्यात. भिंतीवर नावे कोरणाऱ्या पोरांचे कान आई-बापांनी तिथल्या तिथे धरावेत.

ज्यांचे गावच या बाजूला आहे त्यांच्यासाठी एक सूचना. दापोलीपर्यंत येऊन आत्याकडे गेला नाहीत तर वर्षभर ऐकून घ्यावे लागेल, हे आम्ही जाणतो. तिला एक संध्याकाळ द्या, पण अख्खी गाडी तिच्या दारात नेऊन तिला बारा माणसांचा स्वयंपाक लावू नका. चहा घ्यावा, लुगडे-चोळी द्यावी आणि निघावे.

मंगळवारी दाभोळ. फेरीबोटीवर गाडी चढवताना चालकाखेरीज सर्वांनी उतरून पायी चढावे. बोटीच्या वेळा आदल्या दिवशीच विचाराव्यात. पलीकडे धोपावे आणि तिथून थोड्याच वेळात गुहागर. गुहागरचा किनारा लांबलचक आणि स्वच्छ आहे. पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारावी. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते. चांगल्या पोहणाऱ्यालाही त्याच्याशी झगडता येत नाही. मुलांना घोट्याएवढ्या पाण्यापुढे सोडू नये आणि दारू प्यालेल्या माणसाला किनाऱ्यावरही आणू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांनी मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा विचार जरूर करावा. गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र संस्था यांनी तेथे २००२ पासून समुद्री कासवांची अंडी जपली आहेत. त्या दिवसांत इवलीशी पिल्ले समुद्राकडे जाताना पाहता येतात आणि राहण्या-जेवण्याची सोय गावातल्या घरांतच होते. मात्र पिल्ले कोणत्या दिवशी निघतील ते कासवच जाणे. तेव्हा मुलांना पक्के वचन देऊ नका.

बुधवारी सकाळी सातलाच गुहागर सोडावे. चिपळूण पंचेचाळीस किलोमीटर, आणि तिथून मुंबई सुमारे अडीचशे. कशेडी घाटाला आता बोगदा झाल्याने त्या टप्प्यात वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ आणखी एखादे ठिकाण पाहण्यात घालवू नये, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाची पहिली पाळी असते, कोणाची शाळा. खर्चाची वही एकाच माणसाकडे ठेवावी, शक्यतो घरातल्या बाईकडे. ठरलेल्या रकमेचा दहावा भाग पंक्चर-बिघाडासाठी शेवटपर्यंत बाजूला ठेवावा. तो उरला तर पेणच्या आसपास चहा-वड्याला काढावा आणि हिशेब तिथेच, गाडीत बसण्याआधी मिटवून टाकावा.