नवा पाहुणा, वेगळी खोली



घरी पाहुणा आला की आपण त्याला बसायला सांगतो, पाणी देतो, पाच मिनिटांत तो घरचाच होऊन जातो. आज मात्र मी एका अशा पाहुण्याबद्दल सांगणार आहे, ज्याला आल्या आल्या तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवतात. हा पाहुणा म्हणजे साप!

दचकलात ना? आधीच सांगून ठेवते, नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप पकडणं आणि पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा "बाई, आम्ही एक पाळू का?" असं विचारायचं नाही! पण अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेक नावाचा लालसर-नारिंगी, बिनविषारी साप आपल्याकडच्या माशांसारखा हौसेने पाळतात. काहींकडे तर दहा-वीस साप असतात, प्रत्येकाची पेटी वेगळी. अशा घरात नवा साप आला, की जाणता माणूस त्याला बाकीच्यांच्या खोलीत नेतच नाही. निदान तीस दिवस, आणि बरेच जण नव्वद दिवस, तो एकटा राहतो.

इतके दिवस कशाला? थोडं गणित करू या. तुम्ही दिवसातून तीन वेळा खाता, म्हणजे महिन्यात नव्वद वेळा. एक दिवस जेवला नाहीत की आईला लगेच कळतं, "काहीतरी बिनसलंय." साप खातो आठवड्यातून एकदा, मोठा असेल तर त्याहूनही कमी वेळा. म्हणजे महिन्यात जेमतेम चार जेवणं! तो नीट खातो का, खाल्लेलं उलटून टाकतो का, त्याची विष्ठा कशी आहे, हे चार जेवणांत काय कळणार? नव्वद दिवसांत निदान बारा जेवणं तरी बघायला मिळतात. शिवाय साप कण्हत नाही, रडत नाही. आजार बराच वाढेपर्यंत तो दिसायला ठणठणीतच असतो.

या पाहुण्याबरोबर कधी कधी बिनबोलावलेले पाहुणेही येतात, ते म्हणजे सापाच्या अंगावरच्या गोचिडीसारख्या किडी. काळ्या खसखशीएवढ्या! खवल्यांच्या खाली, डोळ्यांच्या कडेला बसून रक्त पितात. अंडी मात्र सापाच्या अंगावर घालत नाहीत, पेटीच्या फटीत घालतात. म्हणून किडी मारल्या तरी दोन-तीन आठवड्यांनी नवी फौज हजर! त्या चालत शेजारच्या पेटीतही जातात, म्हणूनच पेटी वेगळी असून भागत नाही, खोली वेगळी लागते. नव्या सापाच्या पेटीत माती किंवा भुसा न घालता पांढरा कागद अंथरतात. कशासाठी, सांगा पाहू? बरोबर! काळा ठिपका चटकन दिसावा म्हणून.

किडींवर उपाय तरी आहे. पण बोआ आणि अजगर जातीच्या सापांना होणाऱ्या एका रोगावर अजून औषधच नाही. त्याचं नाव इन्क्लूजन बॉडी डिसीज. रोगी साप मान वर करून आकाशातले तारे मोजत असल्यासारखा बघत राहतो, उताणा झाला तर त्याला पुन्हा सरळ होता येत नाही. हा रोग १९७० च्या दशकापासून माहीत होता, पण होतो कशाने ते कळत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या स्टाइनहार्ट ॲक्वेरियम या संग्रहालयातल्या सापांमध्येही तो शिरला. त्या आणि इतर आजारी सापांच्या नमुन्यांमधून तिथल्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना २०१२ साली एक विषाणू सापडला. त्याचे भाऊबंद तोवर फक्त सस्तन प्राण्यांतच आढळले होते!

यातली वाईट गोष्ट अशी, की बोआच्या अंगात हा रोग कित्येक महिने, कधी वर्षंही काहीच लक्षण न दाखवता राहतो. म्हणून काही जण बोआला सहा महिने वेगळा ठेवतात आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडून तपासणीही करून घेतात. एका सापापायी घरातले सगळे गमावण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

या वेगळ्या खोलीचा एक नियम मला फार आवडतो. रोज आधी जुन्या सापांचं सगळं करायचं आणि नव्याकडे सर्वांत शेवटी जायचं. उलट केलं तर आपलेच हात रोग वाहून नेतील! नव्याचं पाण्याचं भांडं वेगळं, चिमटा वेगळा, आणि नंतर साबणाने हात धुणं.

अशा वेगळं ठेवण्याला 'क्वारंटाइन' म्हणतात हे तुम्ही २०२० पासून ऐकलं असेल. शब्द मात्र खूप जुना. प्लेगच्या काळात, १३७७ साली, रागुसा या बंदरात (आजचं क्रोएशियातलं दुब्रोवनिक) प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम झाला. पुढे तीसचे चाळीस झाले, आणि व्हेनिसच्या लोकांच्या भाषेतल्या 'चाळीस' या आकड्यावरून हे नाव पडलं.

आता तुमच्या कामाचं. साप नाही, पण माशांची काचेची टाकी तुमच्यापैकी पुष्कळांकडे असेल. नवा मासा आणला की आपण पिशवी सोडून त्याला थेट टाकीत टाकतो, आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर मिठाचे खडे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके! तोही एक परजीवीच. पुढच्या वेळी नव्या माशाला दोन-तीन आठवडे दुसऱ्या टाकीत किंवा स्वच्छ टबात ठेवा. हवेचा छोटा पंप मात्र लावा. जाळीसुद्धा वेगळी घ्या, आणि आईबाबांनो, तेवढा खर्च होऊ द्या. रोज वहीत लिहा, खाल्लं का, ठिपके दिसतात का, पंख मिटून कोपऱ्यात बसतो का. आणि हो, दुकानातल्या पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, ते झाडालाच घाला.