आवाज वाढवू नका, भिंती झाका

परवा आमच्या उमरेडच्या एका सभागृहात शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा झाली. एक मुलगी सावित्रीबाईंवर बोलली. पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ, तरी तिसऱ्या रांगेत मला निम्मी वाक्यं कळली नाहीत. संयोजकांनी माइकवाल्याला खूण केली, 'आवाज वाढव!' त्यानं वाढवला आणि उरलंसुरलंही कळेनासं झालं. त्या पोरीचे गुण कापले गेले असतील, तर तो दोष भिंतींचा आहे.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक पाहिलेल्यांनी जरा आठवून बघावं. कापडी मांडव, खाली सतरंज्या, पलीकडे उघडं शिवार. शेवटच्या रांगेतल्या आजीलाही नायिकेचा हुंदका कळतो. तिथे आवाज एकदाच कानावर येतो आणि पुढे निघून जातो. थोडा कापडात मुरतो, बाकीचा शेतात. आपल्या हॉलमध्ये तोच टाइल्सवर, काचांवर, पीओपीच्या छतावर आपटून पुनःपुन्हा परततो. 'सावित्री' अजून घुमत असते, तोच 'बाई' येऊन तिच्यावर आदळते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइननं 1895 पासून हार्वर्डमध्ये हेच मोजलं. फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री आणून, त्या मांडून तो फरक मोजत गेला. आवाज किती शोषला जातो याचं माप म्हणून त्यानं उघडी खिडकी धरली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. आपल्या मांडवाला तर चहूबाजूंनी खिडक्याच!

या मोजमापांतून त्यानं एक सूत्र काढलं. त्या सूत्रानं हिशेब करायला 60 फूट लांब, 40 रुंद, 16 उंच असा टाइल्स-सिमेंटचा रिकामा हॉल घ्या. आवाज विरायला पावणेआठ सेकंदांच्या आसपास लागतात. शंभर माणसं बसली की पावणेतीन. भिंती-छतावर हजार चौरस फूट आवाज शोषणारी चांगली पॅनेल लावली की सव्वा. भाषण नीट कळायला साधारण सेकंदभरच हवा.

टाइल्सच्या वेडावर मी पुष्कळदा लिहिलंय. शेणानं सारवलेल्या माजघरातलं भजन आजच्या चकचकीत हॉलपेक्षा गोड लागायचं, हे माझं मत कायम आहे. पण आता सारवण परत येणार नाही, म्हणून पॅनेल. दोन इंच जाडीचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वर हवा खेळेल असं कापड, भिंतीपासून थोडं अंतर सोडून. अंड्यांचे ट्रे चिकटवून काही साधत नाही. आणि बाहेरचा डीजे पॅनेलनं थांबणार नाही. त्याला जड भिंती आणि घट्ट दारं लागतात.

स्वस्तातला फोम मात्र कुणी लावू नये, तो भराभर पेटतो. नाट्यगृहाला आग लागली की काय होतं, ते आठवा: शाहू महाराजांनी उभारलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळताना सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. रॉकवूल जळत नाही. वरच्या कापडाचंही अग्निरोधक प्रमाणपत्र कंत्राटदाराकडून आधी मागून घ्या, बिल नंतर द्या.