कापसाच्या घराण्यातील न जुळणारे हिशेब

कापसाच्या व्यवहारात मुरलेल्या वाचकांना रुईची प्रत, धाग्याची लांबी वा सरकीचा भाव यांविषयी मी काही सांगावे, असे नाही. परंतु ज्या झाडापासून हा सारा व्यवहार सुरू होतो, त्याच्या घराण्याची वंशावळ सहसा कोणी चाळत नाही. संकरित कापसाचे बियाणे शेतकऱ्याला दरवर्षी विकत का घ्यावे लागते आणि देशी कापसाचा काटकपणा अमेरिकन कापसात सहजी का उतरत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या वंशावळीत आहेत.

जगात लागवडीखाली असलेल्या कापसाच्या प्रजाती चार. आर्बोरियम व हर्बेशियम या दोन देशी. हिर्सुटम म्हणजे आपला ‘अमेरिकन’ कापूस आणि बार्बाडेन्स म्हणजे इजिप्शियन वा पिमा नावाने ओळखला जाणारा अतिलांब धाग्याचा कापूस. देशी कापसाच्या पेशीत 26 गुणसूत्रे असतात, तर उरलेल्या दोन प्रजातींत 52.

ही दुप्पट कशी झाली? सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी आपल्या देशी कापसाच्या गोत्रातील एका पूर्वजाचा अमेरिका खंडातील एका रानटी कापसाशी संकर झाला आणि त्या संततीत गुणसूत्रांचे दोन्ही संच दुप्पट होऊन एकत्र नांदू लागले. जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती झाल्या. पेढीत एकाच खातेवहीच्या दोन प्रती असाव्यात, तसे हे. एक प्रत नित्याचे काम सांभाळते. दुसरी कधी कोरी पडते, तर कधी नवे काम अंगावर घेते. अशा प्रती वाढत वा गळत जातात, तशी जनुकांची ‘कुटुंबे’ विस्तारतात वा आक्रसतात.

याचे फळ विस्मयकारक आहे. त्या रानटी पूर्वजाला कातण्याजोगा धागा नव्हता. तरीही अमेरिकन कापसाच्या धाग्याचे गुण ठरवणारी अनेक जनुके त्याच्याकडून आलेल्या संचात सापडली! त्या पूर्वजाच्या निकटच्या रायमोंडी या प्रजातीचा संपूर्ण जनुकसंच 2012 मध्ये व आर्बोरियमचा 2014 मध्ये वाचला गेला. तेव्हा रोगप्रतिकार करणाऱ्या जनुकांचे एक कुटुंब रायमोंडीत वाढलेले आणि आर्बोरियममध्ये घटलेले आढळले. उलट उत्तर भारतात अमेरिकन कापसाला छळणाऱ्या पाने मुरडणाऱ्या विषाणूला देशी कापूस दाद देत नाही. प्रत्येक शाखेची पुंजी वेगळी.

मग ही पुंजी एकत्र का करू नये? येथेच हिशेब अडतो. देशी कापसाकडून 13 गुणसूत्रे येतात, अमेरिकनकडून 26. संततीत 39. परागकण व बीजांड तयार होताना गुणसूत्रांना आपापला जोडीदार लागतो. देशीची 13 आपल्या गोत्रातील 13 शी जुळतात. रानटी पूर्वजाकडची 13 एकटी उरतात. झाड उभे राहते, पण वांझ राहते. पुष्कळदा तर भ्रूणाचे पोषणच नीट होत नाही आणि बी भरतच नाही. 1940 मध्ये अमेरिकेतील बीस्ली यांनी आर्बोरियम व एका रानटी अमेरिकन कापसाच्या संकरावर कोल्चिसीन हे द्रव्य वापरून गुणसूत्रे दुप्पट केली, तेव्हा ते वांझपण हटले. कापसाच्या जन्मकथेला त्यातून बळकट पुरावाही मिळाला. परंतु हा मार्ग किचकट आहे. हवा तो एकच गुण उचलून आणणे त्याने सोपे होत नाही.

हिर्सुटम व बार्बाडेन्स यांचे आकडे जुळतात, तरी तेथेही एक अडथळा आहे. तो फक्त उशिरा दिसतो. 1972 मध्ये धारवाडहून आलेला ‘वरलक्ष्मी’ हा या दोहोंचा संकर पहिल्या पिढीत जोमदार ठरला. मात्र अशा संकराची सरकी पुन्हा पेरली, तर पुढील पिढीत खुरटी व कमी फळणारी झाडे निघू लागतात. दोन्ही घराण्यांतील जनुकांची आपसांत बसलेली घडी विस्कटते. डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरत येथे विकसित केलेला 1970 चा ‘एच-4’ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस; तो हिर्सुटमच्याच दोन वाणांचा. त्याचीही पुढची पिढी एकसारखी राहत नाही. दरवर्षी बियाणे घेण्यामागे विक्रेत्याचा लाभ आहे खरा, पण निसर्गाचा नियमही आहे. सरळ वाणाची सरकी मात्र राखून पेरता येते.

बँकेत पीककर्जाची खाती पाहताना बियाण्याचा खर्च मी दरवर्षी नव्याने नोंदलेला पाहिला आहे. म्हणून पुढील गोष्ट मला महत्त्वाची वाटते. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातील बहुतांश कापूस देशी होता. आज त्याचा वाटा अगदी अल्प उरला आहे. कमी पाण्यावर तगणारे ते सरळ वाण पेरणीतून गेले, तर त्यांची जनुके मोजक्या संग्रहांपुरती उरतील आणि दुसऱ्या प्रजातीतून ती भरून काढणे किती कठीण, हे आपण पाहिलेच.

आखूड धाग्याच्या देशी रुईला शस्त्रक्रियेच्या कापसासाठी आजही मागणी आहे. आपल्यापैकी ज्यांची जिनिंगची वा रुईची पेढी आहे, त्यांनी देशी माल अमेरिकनमध्ये न मिसळता वेगळा घ्यावा आणि त्याला त्याचा भाव द्यावा. शेतकऱ्याला भाव मिळाला, तरच तो ते बी पुढच्या हंगामासाठी राखून ठेवील.