लाजेपायी गेलेला वेळ

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावला की माणसाला आधी मांत्रिकाकडे नेत. रात्र मंत्रात जाई. सकाळी दवाखान्यात आणलेल्या रुग्णाच्या तोंडाला फेस असे, फुप्फुसांत पाणी भरलेलं असे. त्या काळी इस्पितळात पोचलेल्यांतलेही शंभरात तीस-चाळीस दगावत. डॉक्टर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम टिपत राहिले. हृदय कोलमडण्याआधी शरीर काय सूचना देतं ते त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि पुरुषाचं लिंग आपोआप ताठरतं.

यातलं शेवटचं लक्षण कोणता शेतकरी, भोवती बायकापोरं उभी असताना, स्वतःहून सांगेल? डॉक्टरांना चादर बाजूला करून बघावंच लागलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू शंभरात एक-दोनावर आले. मात्र ती गोळी वेळेत पोटात जावी लागते. हे महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांना पटायला वर्षं लागली, पण पटलं. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या परिसराला वाटलेला आनंद घरचाच होता.

हा इतिहास काढला, कारण दुसऱ्या एका आजाराबद्दल बोलायचं आहे. तिथेही औषध आहे, तिथेही वेळेवर सगळं अवलंबून आहे आणि तिथेही माणूस सांगत नाही. वृषणाचा कर्करोग. आपल्या देशात तो विरळा. लाख पुरुषांमागे वर्षाला एकही नाही. पण ज्यांना होतो ते बहुतेक पंधरा ते पस्तीस-चाळीस या वयातले असतात. एमआयडीसीत पाळी करणारा, मुंबईत चाकरीला असलेला, नुकतंच लग्न ठरलेला मुलगा. वेळेत सापडला तर शंभरातले पंच्याण्णवहून अधिक बरे होतात.

सुरुवात साधी असते. एका बाजूला कडक गाठ लागते, बहुधा दुखत नाही. किंवा अंडकोष जड वाटतो, ओटीपोटात, जांघेत बोथट ठणका राहतो. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो. रायगडात गावोगाव कबड्डी खेळली जाते. पकडीत कधीतरी मार बसलेला असतोच, आणि ‘तेव्हाचंच असेल’ म्हणून महिने जातात. मार लागल्याने हा कर्करोग होत नाही. मार लागला म्हणून हात तिकडे जातो आणि आधीपासून असलेली गाठ लक्षात येते, एवढंच. पाप, वाईट सवय, हस्तमैथुन, घट्ट चड्डी यांचाही काही संबंध नाही. ही भीती मनात घेऊन जी मुलं गप्प बसतात, त्यांच्यासाठी हे ठळकपणे छापायला हवं.

घरोघरी जाणाऱ्या दिवाळी अंकात असलं कशाला, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर इतिहासात आहे. १९२७च्या मार्चमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्व्यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि शरीराबद्दल मराठीत सरळ लिहायला सुरुवात केली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते आंबेडकरच. खटला हरले, तरी कर्व्यांनी १९५३पर्यंत, मरेपर्यंत, मासिक चालवलं. महाडशी नातं सांगणाऱ्या मराठी अंकाने अंडकोष हा शब्द छापायला लाजावं, हे मला मान्य नाही.

आता तपासणी. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणं लावून कढत पाण्याने आंघोळ होते, ती वेळ यासाठी फार सोयीची; गरम पाण्याने अंडकोषाची कातडी सैल पडते. एकेक वृषण अंगठा आणि बोटांच्या मध्ये हलकेच धरून फिरवायचं. निरोगी वृषण सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत लागतं. मागच्या बाजूला मऊ वळकटी हाताला येते, तिला अधिवृषण म्हणतात. ती प्रत्येकाला असते, तिला घाबरू नये. एक बाजू थोडी मोठी किंवा थोडी खाली असणं हेही नेहमीचंच. शोधायची ती वृषणाच्या अंगातच असलेली कडक गाठ, मग ती तांदळाच्या दाण्याएवढी का असेना, किंवा आधी नव्हता असा बदल. दोन मिनिटं पुरतात. महिन्यातून एकदा केलं की आपलं नेहमीचं काय ते बोटांना कळून जातं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०११ साली, काही तक्रार नसलेल्या पुरुषांनी सरसकट अशी तपासणी करू नये अशी शिफारस केली. आजार विरळा, उशिरा सापडला तरी बराचसा बरा होणारा, आणि विनाकारण घबराट नको, असा त्यांचा विचार. तो चुकीचा नाही. पण उशिरा बरं होणं म्हणजे अधिक केमो, मूत्रपिंडांना आणि कानांना इजा होण्याची भीती, कधी पोटातल्या गाठींची मोठी शस्त्रक्रिया, बुडालेली नोकरी. आपल्या मुलाला आपलं अंगच ओळखीचं नसतं, तिथे दोन मिनिटांच्या सवयीने काही बिघडत नाही असं माझं मत आहे. आणि गाठ लागल्यावर डॉक्टरांकडे जायचं की नाही, यावर कुणाचंच दुमत नाही.

बरं होणं शक्य झालं त्याची हकिकत मोठी आहे. १९६५ साली शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवरचा परिणाम तपासत होते. विजेऐवजी प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या संयुगाने जिवाणूंचं विभाजन रोखलं. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आलं. १९७४ साली इंडियानात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी जॉन क्लीलँड या तरुण विद्यार्थ्याला ते इतर औषधांसोबत दिलं. त्याचा वृषणाचा कर्करोग पसरलेला होता, बाकीचे उपाय थकले होते. तो बरा झाला आणि पुढे शिक्षक झाला. आपल्या क्रिकेटपटू युवराज सिंगची गाठ छातीत होती, पण जात वृषणाच्या कर्करोगातल्याच पेशींची; तोही आइनहॉर्न यांच्याकडेच गेला आणि २०१२ सालीच पुन्हा भारताकडून खेळला.

ती औषधं आज परळच्या टाटा रुग्णालयात मिळतात. सोनोग्राफी आणि एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्यांनी निदानाची दिशा कळते. इथे एक खबरदारी महत्त्वाची. ‘पाणी भरलंय’ म्हणून सोनोग्राफीशिवाय अंडकोषावर सुई किंवा चिरा घेऊ देऊ नका. कर्करोगाचा संशय असेल तर जांघेतून चीर देऊन वृषण काढतात, म्हणजे तो कातडीत पसरत नाही. उरलेल्या एका वृषणावर संसार आणि मुलंबाळं दोन्ही होऊ शकतात. केमोआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल मात्र विचारून घ्यावं, कारण डॉक्टरांनी विषय काढेपर्यंत संकोचाने कुणी विचारत नाही. पैशाचं म्हणाल तर राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि कर्करोगाचे उपचार तिच्यात येतात.

आयांनाही एक सांगणं आहे. बाळाला न्हाऊ घालताना एका बाजूचं वृषण हाताला लागत नसेल तर ‘उतरेल हळूहळू’ यावर वर्षं घालवू नका. सहा महिन्यांपर्यंत वाट बघावी, मग शल्यचिकित्सकाला दाखवावं; शस्त्रक्रिया साधारण दीड वर्षाच्या आत व्हावी. न उतरलेल्या वृषणाला पुढे कर्करोगाचा धोका अधिक असतो, आणि शस्त्रक्रियेनंतरही तो पूर्ण जात नाही. म्हणून मुलगा वयात आला की त्याला हे सांगायला हवं. अनेक घरांत ते सांगितलंच जात नाही. जुलै २०२१च्या पुरात महाडमध्ये घराघरांतली कागदपत्रं चिखलात गेली. तेव्हा फाइलीच्या भरवशावर न राहता त्याला तोंडीच सांगून ठेवा, शस्त्रक्रिया कोणत्या साली झाली, कुठे झाली आणि कोणत्या बाजूची.