‘श्रद्धाळू आजी’ एवढंच पुरे नाही

आपल्याकडे एखादी वयस्कर कॅथलिक बाई गेली की तिच्यासाठीची वाक्यं आधीच तयार असतात. मिस्सा कधी चुकवली नाही. जपमाळ हातातून सुटली नाही. मुलांना-नातवंडांना देवाच्या वाटेवर आणलं. वाक्यं खरी असतात, मनापासूनची असतात. पण नाव बदललं की तीच वाक्यं शेजारच्या आजीलाही चालतात, आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. बाईच्या श्रद्धेचा गौरव करता करता आपण त्या बाईलाच पुसून टाकतो.

माझ्या आजीचं माहेर सौंसर, सासर पांढुर्णा. ती गेली तेव्हा तिच्याबद्दल हेच सगळं बोललं गेलं. संत्र्याच्या तोडीला जाऊन तिने मुलं शिकवली, हे कोणी बोललं नाही. मजुरीत दोन पैसे कमी आले तर ती ठेकेदाराला सोडायची नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार सुरू झाली की घरातल्या पोरांना कोंडून दाराशी बसायची, हातात जपमाळ घेऊन. कोणी हळूच निसटायला लागलं की माळ न थांबवता ओरडायची, “काऊन रे, डोकं फोडून घ्याचं हाये का?” तिची भक्ती आणि तिचा दरारा वेगळे काढताच येत नाहीत. भाषणात मात्र फक्त भक्ती उरली.

यात भाषेचाही प्रश्न आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा-सौंसरची माणसं घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, अशी जगत आली. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कारभाराची भाषा हिंदीच आहे. चर्चमध्येही तेच. आजी चर्चमध्ये ‘प्रणाम मरिया’ म्हणायची आणि घरी आली की ‘नमो मरिया’. देवाशी ती दोन्ही भाषांत बोलायची, पण देवाशी भांडण काढायचं असलं तर मराठीतच. आता घरातली लहान मुलं प्रार्थना हिंदीत करतात, अभ्यास इंग्रजीत करतात. आजीसोबत एक माणूस गेलं, आणि त्या घरातली प्रार्थनेची मराठीही जवळजवळ गेली. हे नुकसान कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहिलं जात नाही.

कोणी म्हणेल, साध्या बाईचं एवढं काय लिहायचं? तर आपल्याच परंपरेकडे बघा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल त्याच्या विश्वासाचं मूळ सांगतो, ते आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेऊन. संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या नवव्या भागात आई मोनिकाबद्दल लिहिलं. ती इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया इथे वारली. तिचे अश्रू, तिची प्रार्थना त्यात आहेच, पण लहानपणी तिला चोरून द्राक्षारस चाखायची सवय लागली होती, हेही त्याने लपवलं नाही. त्याने ती संत मोनिका काही कमी झाली नाही.

मराठीत तर आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळक आहेत. त्या कॅथलिक नव्हत्या, प्रॉटेस्टंट होत्या, पण मराठी ख्रिस्ती आई-आजीचं आयुष्य त्यांच्याइतकं मोकळं कोणी लिहिलेलं नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. नंतर परत आल्या आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. शाळा नाही, परीक्षा नाही. तरी १९३४ पासून त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग निघाले. त्यात सोवळं-ओवळं आहे, नवऱ्याशी खटके आहेत, गरिबी आहे आणि पोट धरून हसायला लावणारे प्रसंग आहेत. पुढे त्या पुस्तकाची आवृत्ती नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केली. नातवाने आजीसाठी याहून मोठं काय करावं?

एक आक्षेप मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, घरातलं घरात ठेवावं. बरोबर आहे, सगळंच चव्हाट्यावर आणायची गरज नाही. काही गोष्टी आजीने विश्वासाने सांगितलेल्या असतात, त्या तशाच राहू द्याव्यात. पण तिचे कष्ट, तिचा राग, तिचा विनोद, तिच्या शंका ही काही बदनामी नाही. ज्या बाईला कधी शंकाच आली नाही, राग आलाच नाही, तिच्या श्रद्धेतून मी काय शिकू? कमी मजुरीवर भांडून, दमून घरी येऊनही जिने संध्याकाळी माळ हातात घेतली, तिच्या श्रद्धेचं वजन मला कळतं.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठेवला आहे. त्या दिवशी फुलं द्या, फोटो काढा, पण मोबाईलचं रेकॉर्डिंगही सुरू करा. प्रश्न साधे ठेवा. लग्नात काय खाल्लं होतं? पहिली मजुरी किती मिळाली? देवावर कधी रागावली होतीस का? आणि तिचं बोलणं ‘शुद्ध’ करू नका. ती ‘करून राहिली’ म्हणाली तर ‘करत आहे’ लिहू नका. ज्यांची आजी आता नाही, त्यांनी आई, मावशी, शेजारीण यांना बसवून आठवेल ते लिहून काढावं.

आपल्या मंडळात कथा-कविता भरपूर येतात. सीमेपलीकडच्या गावांतून इथे शिकायला येणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे, की एकदा आजीवर चार पानं लिहून आणा. फक्त एक अट पाळा. ‘ती फार श्रद्धाळू होती’ हे वाक्य त्यात एकदाही नको. वाचणाऱ्याला ते आपोआप कळलं पाहिजे.