ओळख कोणी द्यायची?

‘शहाजोग’ हा शब्द आज आपण कुत्सितपणे वापरतो. वरून साळसूद दिसणाऱ्या माणसाला शहाजोग म्हणतो. मूळचा हा शब्द मात्र पेढीवरचा आहे. शहाजोग हुंडी म्हणजे जिचे पैसे वाटेल त्याच्या हातात न देता बाजारात पत असलेल्या एखाद्या शहामार्फतच द्यायचे, अशी हुंडी. परगावच्या पेढीला हुंडी घेऊन येणारा मनुष्य ठाऊक नसे, पण शहा ठाऊक असे. हुंडी खोटी निघाली तर जबाबदारी शहावर येई. ओळख देणे ही तेव्हा नुसती सौजन्याची गोष्ट नव्हती. ती जोखीम होती, आणि ती पत्करणाऱ्याला बाजारात मान होता.

हे सांगण्याचे कारण असे, की तोच व्यवहार आज घरोघरी दिवसातून दहा वेळा चालतो आणि आपला शहा कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. लातूर किंवा नांदेडमध्ये बारावीचे मूल असलेल्या कोणत्याही घरात डोकावून पाहा. नीटसाठी एक खाते, सीईटीसाठी दुसरे, प्रवेशफेरीसाठी तिसरे, शिष्यवृत्तीसाठी चौथे. सगळे पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले. अर्ज नेटकॅफेत भरलेला असेल, तर खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कधी कधी कॅफेवाल्याचाच असतो. मग चार महिन्यांनी ओटीपी येतो तो त्याच्या फोनवर! मूल कॉलेजात गेले, की ग्रंथालय, परीक्षा, वसतिगृह यांची आणखी एकेक खाती. या जंजाळाला विटलेल्या माणसाला ‘गूगलच्या खात्याने आत या’ असे बटण दिसले, की हायसे वाटते. मलाही वाटते. पण ते बटण दाबताना आपण आपली ओळख देण्याचे काम एका परदेशी कंपनीकडे सोपवत असतो.

ती कंपनी हे काम वाईट करते असे मुळीच नाही. तिची कुलपे आपल्या बहुतेक संस्थांच्या कुलपांपेक्षा भक्कम आहेत. मुद्दा निराळा आहे. ओळख पटवताना खरे तर दोन प्रश्न असतात. पहिला, ‘ही कोण?’ आणि दुसरा, ‘ही तुमची कोण?’ गूगल फार तर एवढेच सांगेल, की हे खाते ज्याचे आहे त्याच्याच हाती आहे. आधार सांगेल, की ही तीच व्यक्ती आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची देशभर सोय होऊ लागली. पण ही मुलगी आमच्या विद्यापीठाची संशोधक विद्यार्थिनी आहे, हे गृहस्थ आमचे कर्मचारी होते आणि गेल्या महिन्यात निवृत्त झाले, हे कोण सांगणार? ज्या संस्थेच्या पटावर नाव आहे, तीच संस्था हे सांगू शकते.

संस्थेने हे काम स्वतः करायचे ठरवले, तर त्यासाठी जी यंत्रणा उभारावी लागते तिला ‘आयडेंटिटी प्रोव्हायडर’ असे नाव आहे. नाव भारदस्त असले तरी बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यात अपरिचित काही नाही. खाते उघडायच्या अर्जावर ‘ओळख देणाऱ्या’ची सही लागे, त्या ओळख देणाऱ्याचाच हा संगणकी अवतार. त्याचे काम कसे चालते, हे समजायला जुन्या डिमांड ड्राफ्टइतके चांगले उदाहरण नाही. नांदेडच्या शाखेने काढलेला ड्राफ्ट मुंबईची शाखा कशाच्या भरवशावर वटवी? सही करण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला सहीचा क्रमांक मिळे आणि सर्वांच्या नमुना सह्यांचे पुस्तक शाखाशाखांतून ठेवलेले असे. मुंबईचा अधिकारी ते पुस्तक उघडी, सही ताडून पाही आणि पैसे देई. त्याने नांदेडच्या अधिकाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसे.

आता ड्राफ्टच्या जागी चिठ्ठी ठेवा. विद्यार्थिनीला ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जायचे आहे. ते संकेतस्थळ तिला पासवर्ड विचारतच नाही. ‘तुझी संस्था कोणती?’ एवढे विचारून तिला तिच्या संस्थेच्या दाराशी पाठवते. पासवर्ड आणि लागला तर ओटीपी ती फक्त तिथे देते. खात्री पटली, की संस्था एक चिठ्ठी लिहिते : ‘ही आमची विद्यार्थिनी.’ चिठ्ठी कोणासाठी आहे ते तिच्यावर लिहिलेले असते, मुदत थोड्या मिनिटांची असते आणि खाली संस्थेची गणिती सही असते. ही सही करण्याची गुप्त किल्ली फक्त संस्थेकडे असते. ती ताडून पाहण्याची उघड किल्ली, म्हणजे आपले नमुना सह्यांचे पुस्तक, ग्रंथालयाकडे आधीच दिलेले असते. पासवर्ड घराबाहेर जात नाही आणि दहा ठिकाणी दहा पासवर्ड ठेवण्याची गरज उरत नाही. विद्यार्थिनी शिकून बाहेर पडली, की एका पटावरचे एक नाव कमी केले तरी पुढच्या चिठ्ठ्या सगळीकडच्या थांबतात.

ही कविकल्पना नाही. या चिठ्ठीचे ‘सॅमल’ नावाचे प्रमाणित रूप २००५ सालापासून स्थिर आहे आणि ‘ओपनआयडी कनेक्ट’ हे दुसरे रूप २०१४ साली आले. ज्या आज्ञावलीवर यंत्रणा चालवायची त्या ‘शिबोलेथ’ आणि ‘कीक्लोक’ फुकट मिळतात. आपल्या देशातही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने विद्यापीठांसाठी ‘इन्फेड’ नावाचा संघ याच पायावर उभारला आहे. पूर्वी वर्गणी भरलेली संशोधन-नियतकालिके बहुधा विद्यापीठाच्या आवारातल्या संगणकांवरच उघडत. संस्थेची चिठ्ठी चालू लागली, की किनवटला घरी बसलेला संशोधकही ती वाचू शकतो. विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था शेजारी शेजारी आहेत. एकीच्या विद्यार्थ्याने दुसरीचे ग्रंथालय संगणकावर वापरायचे, तर त्याला तिथे नवे खाते कशाला हवे? एकीने चिठ्ठी द्यावी, दुसरीने मानावी.

मग अडते कुठे? आज्ञावली फुकट मिळते, पण दक्षता फुकट मिळत नाही, इथे अडते. ओळख देण्याचे दुकान एकाच ठिकाणी मांडले, की ते बंद पडल्यावर सगळीच दारे बंद. १४ डिसेंबर २०२० रोजी आपल्याकडे संध्याकाळ होत असताना गूगलची टपालसेवा आणि यूट्यूब जगभर सुमारे पाऊण तास ठप्प झाले. ओळख पटवणाऱ्या यंत्रणेच्या वाट्याची साठवणजागा चुकून कमी केली गेली, एवढेच कारण होते. याहून मोठे भय चोरीचे. मायक्रोसॉफ्टची सही करण्याची एक किल्लीच चोरांच्या हाती लागली आणि तिच्या आधारे बनावट चिठ्ठ्या करून त्यांनी अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांचे ईमेल वाचले, हे २०२३ मध्ये उघडकीस आले. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजाची काय कथा, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे.

त्याला उत्तर जुनेच आहे. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन अधिकारी. सहीच्या गुप्त किल्लीचा ताबाही असाच दोघांकडे हवा आणि ती ठरावीक काळाने बदलायला हवी. पटाची एक प्रत दुसऱ्या गावी हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात घरेच ढिगारा झाली. कपाटातले रेशनकार्ड आणि पासबुक त्याच ढिगाऱ्याखाली. अशा वेळी माणसाची ओळख दुसरीकडच्या नोंदीत आणि दुसऱ्याच्या शब्दातच उरते. एका खोलीतल्या एका संगणकावर विसंबलेली संस्था आपल्या हजारो मुलांची ओळख त्या खोलीच्या छपरावर टांगून ठेवत असते. शिवाय चिठ्ठीत जरुरीपुरतेच लिहावे. ग्रंथालयाला ‘ही आमची विद्यार्थिनी’ एवढे पुरे. तिची जात, जन्मतारीख, वडिलांचा मोबाइल क्रमांक त्याला कशाला? व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा याच विचारावर उभा आहे.

एवढे सारे ज्यांना झेपणार नाही, त्यांनी एकेकट्याने यंत्रणा उभारू नये. अर्धवट राखलेल्या पटापेक्षा गूगलचे बटण बरे, हे मी बँकवाला म्हणून सांगतो. पण एकट्याला झेपत नाही ते दहाजणांनी मिळून करायचे, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. पाच कॉलेजांनी मिळून एक यंत्रणा आणि तिच्यासाठी दोन जबाबदार माणसे ठेवावीत. नागरी सहकारी बँकांनाही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हीच वाट धरता येईल. मात्र पट ज्याचा त्याने राखावा. नाव घालणे आणि काढणे हे संस्थेचेच काम आहे, ते कोणत्याही कंत्राटदाराचे नव्हे.

येत्या प्रवेशाच्या दिवसांत आईवडील कॉलेज पाहायला जातील. वसतिगृह आणि मेस पाहतील, फीचे हप्ते विचारतील. त्याबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. आमच्या मुलीची ओळख संगणकावर कोण देते? तिने कॉलेज सोडल्यावर तिचे नाव किती दिवसांत निघते? पटाची दुसरी प्रत कुठे असते? आणि तिच्याबद्दल बाहेर काय काय सांगितले जाते? बहुतेक ठिकाणी कारकून साहेबांकडे बोट दाखवील आणि साहेब कंत्राटदाराकडे. हरकत नाही. तेच प्रश्न दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी विचारत राहावेत. आपल्या लेकराची फी ज्या संस्थेने घेतली, तिने त्याची ओळख द्यायची जोखीमही घेतली पाहिजे.